अर्ध्यावर ठेवलेली गाडी

"आई, आज वार कोणता?" मुलानं फोनवर विचारलं, आणि बाईंना आधी वाटलं, की त्यालाच ठाऊक नसेल. बायको आणि लेकीला घेऊन तो हिवाळ्यापुरता उन्हाच्या गावी जाऊन बसला होता, सासूच्या समुद्राकाठच्या घरात. तिथं माणसाला वाराचं भान राहत नसेल. बाईंनी फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला होता, मांडीवर उशीचा अभ्रा, सुईत पांढरा दोरा. "बुधवार," त्या म्हणाल्या. "का रे, तिकडे कॅलेंडरं संपली?" तो हसला. पण ते विनोदाला आलेलं हसू नव्हतं. घाबरण्यासारखं काही नाही असं डॉक्टर म्हणाला, की माणूस हसतो ना, तसलं. मग त्यानं महिना विचारला. मग सकाळी काय खाल्लंस ते विचारलं. बाईंनी महिना सांगितला, खाल्लेलं सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की हा गप्पा मारत नाहीये, हा तपासतोय. सगळी उत्तरं बरोबर आली तसा तो म्हणाला, "झालं तर मग, ठेवतो." आणि ठेवता ठेवता, जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात, "आई, तू रोज गाडीत जाऊन बसतेस का गं?"

सुई बोटात गेली. अभ्र्यावर रक्त पडू नये म्हणून बाईंनी बोट तोंडात घातलं आणि त्या निमित्तानं उत्तर टळलं. रक्ताचा डाग गार पाण्यानं निघतो, ऊन पाणी लागलं की जन्माचा बसतो, एवढं त्यांना अजून आठवत होतं. ते कुणी विचारलं नव्हतं. फोन बंद झाल्यावर त्या तशाच बसून राहिल्या. वार विचारतो. मला. भिंतीवरचे वार बाईंनी कधी पाहिलेच नव्हते, त्यांचे वार हातांत होते. सोमवारी लाँड्रीत खानावळींचे टेबलक्लॉथ यायचे, तेलानं पिवळे झालेले. मंगळवारी दवाखान्याचे कोट. बुधवारी लॉजच्या चादरी, ज्यांच्याकडे बघून कोण कसं झोपलं ते कळायचं, आणि कळलं तरी तोंड शिवून ठेवायचं. गुरुवारी पडदे, शुक्रवारी बड्या लोकांचे सूट, ज्यांच्या खिशांत त्यांच्या बायकांनी बघू नये असलं काय काय निघायचं. शाळेत बाई दोनच वर्षं गेल्या होत्या. पावतीवरचं नवऱ्याचं अक्षर त्यांना वाचता येत नसे, पण ते त्याचं त्यालाही येत नसे, तेव्हा त्या बाबतीत घरात बरोबरी होती. त्या कॉलरीच्या आत रंगीत दोऱ्याचा टाका घालायच्या, वकिलाला निळा, मास्तरणीला तांबडा, बँकेतल्या त्या कुरकुऱ्याला मुद्दाम पिवळा, कारण पिवळा त्याला आवडत नसे. एवढ्या वर्षांत एकाचा कोट दुसऱ्याच्या अंगावर गेला नाही. आणि त्या दोऱ्यांवर शिकून साहेब झालेला मुलगा आता उन्हात पाय पसरून विचारतो, आई, आज वार कोणता.

गाडी पुढच्या खोलीत होती. म्हणजे लाँड्रीत. लाँड्री बंद होऊन किती तरी हिवाळे गेले होते, पण बाईंच्या तोंडी ती लाँड्रीच होती. सून तिला गॅरेज म्हणायची आणि म्हणताना बाईंकडे बघायची नाही. नवरा गेल्यावर बॉयलर भंगारात गेला, धुण्याची दोन्ही यंत्रं गेली, आणि शेवटी इस्त्रीचं ते लांबलचक टेबलही गेलं, जे दारातून निघेना म्हणून त्याचे पाय कापावे लागले. पाय कापताना बाई स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या, स्वच्छ भांडी. मग फरशी बसली, शटरला रंग लागला, आणि विजेवर चालणारी ती पांढरी गाडी आवाज न करता आत आली. नवऱ्याला ती आवडली नसती. त्याला आवाज न करणाऱ्या वस्तूंचा संशय यायचा, माणसांचा तर फारच. म्हणून तर माझ्याशी संसार केलास, असं बाई त्याला म्हणायच्या.

जायच्या दिवशी मुलानं गाडी ठेवण्याचा जो सोहळा केला तो बाईंनी आतल्या दारात उभं राहून पाहिला. इकडच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्यानं गाडीचं पोट गंजतं, म्हणून ती तीन-चार महिने घरातच राहायची होती. त्यानं तिचं अंग पुसलं, खालूनसुद्धा. चाकांत नेहमीपेक्षा जास्त हवा भरली, एका जागी उभं राहून टायर बसू नयेत म्हणून. सुनेनं वरून मऊ सुती आच्छादन घातलं. प्लॅस्टिक नको, म्हणाली, तिला श्वास घेता आला पाहिजे. खोलीतली शेगडी अगदी बारीक सुरू ठेवायला सांगितली, गाडीला फार गारठा सोसत नाही. बाईंच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीची फट मागच्या हिवाळ्यापासून बुजायची होती. ती बुजायची राहिली. "बॅटरी पूर्ण भरून ठेव ना मग," बाई म्हणाल्या, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. "नाही गं," मुलगा म्हणाला. "वापरायची नसेल तर पूर्ण भरायची नाही. आतून खराब होते. रिकामी ठेवली तरी मरते. अर्ध्यावर ठेवायची आणि झोपू द्यायची. तू काही करू नकोस, हात लावू नकोस, फक्त हे जवळ ठेव, आग-बिग लागली तर." आणि त्यानं पत्त्याएवढं एक कार्ड त्यांच्या हातात दिलं. गाडीच्या दाराला लावलं की दार उघडतं. मग त्यानं बाईंनाही जवळ घेतलं, घाईत, टॅक्सी बाहेर उभी होती. नातीनं गाल पुढे केला. "एकटीला जमतंय तोवर राहा," तो म्हणाला. "नाही जमलं तर वसंतात बोलू." काय बोलायचं ते बाईंना माहीत होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला म्हाताऱ्यांसाठी एक इमारत होती, तिथल्या खोल्यांत पलंगापाशी दोरी असते, मदत हवी असली की ओढायची. सुनेनं त्या इमारतीचा रंगीत कागद फ्रिजवर लावून ठेवला होता, चुकून राहिल्यासारखा.

हात लावू नकोस. हे बाईंना जमण्यासारखं नव्हतंच. लाँड्रीत लोक उन्हाळा लागला की लोकरी कोट आणून टाकायचे आणि थंडी पडेपर्यंत तिथंच ठेवायचे, कसरीच्या भीतीनं. इतर लाँड्र्यांतून ते कोट परत यायचे तेव्हा त्यांना कोंदट वास असायचा. बाईंकडचे यायचे नाहीत. त्या दर थोड्या दिवसांनी प्रत्येक कोट खाली उतरवायच्या, बटणं सोडायच्या, बाह्यांत हात घालून आतून फिरवायच्या, झटकायच्या, वारा दाखवायच्या आणि परत टांगायच्या. "कोटांना फिरायला नेऊन आणलंस का?" नवरा विचारायचा. "तू नेत नाहीस मला कुठं," बाई म्हणायच्या, "म्हणून मी त्यांना नेते." तर गाडी नुसती पडून राहिली, काचा लावलेल्या, आत नातीच्या सांडलेल्या दुधाचा वास, आणि बाईंना ते बघवेना. पहिल्या आठवड्यातच त्यांनी आच्छादन बाजूला केलं, कार्ड लावलं आणि चारी दारं उघडून ठेवली. आसनांवरून ओला फडका, मग कोरडा फडका. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कधीतरी गुडघा दुखला म्हणून त्या क्षणभर पुढच्या आसनावर टेकल्या, आणि गाडी जागी झाली. समोरचा आकड्यांचा पडदा उजळला, कुठूनसा बारीक श्वास घेतल्यासारखा आवाज आला, आणि पाठीमागून, खालून, ऊब यायला लागली. बाईंनी काही दाबलं नव्हतं. त्या दचकून उठणार होत्या. उठल्या नाहीत.

कारण ती ऊब त्यांच्या ओळखीची होती. जिथं आता गाडीचं तोंड होतं तिथंच इस्त्रीचं टेबल होतं, आणि टेबलाखाली इस्त्री होऊन पडलेल्या गठ्ठ्यांवर मुलगा झोपायचा. हिवाळ्यात ती एकच खोली गरम असायची, वाफेनं काचा पांढऱ्या झालेल्या. तो शाळेतून आला की दारातूनच विचारायचा, आई, आज वार कोणता? कारण त्यावर त्याची गादी ठरायची. पडदे टोचायचे, कोटांना औषधाचा वास यायचा, टेबलक्लॉथ कमी पडायचे. "चादरींचा वार," बाई म्हणायच्या बुधवारी, आणि तो दप्तर टाकून त्या ऊन ऊन ढिगाऱ्यावर चढायचा, पाय पोटाशी घेऊन, बूट काढायचीही शुद्ध नसायची आणि म्हणून शिव्या खायचा. वरून इस्त्री फिरत राहायची. कधी कधी तो झोपेतच बाईंच्या पायावर हात ठेवायचा, आणि मग त्या एकाच पायावर भार देऊन उभ्या राहायच्या, तो उठेपर्यंत. आज गुडघा दुखतो तो त्याच पायाचा. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं त्यात काही होतं असंही त्यांना वाटत नव्हतं. गाडीत बसल्यावर मात्र ते आपोआप यायचं, वास यावा तसं.

पण गाडीत बसतेस का, हे त्याला कळलं कसं? उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी जिना उतरून आलं. वरच्या मजल्यावर एक नर्स भाड्यानं राहायची, सुट्टीच्या दिवशीही पांढरे बूट घालणारी. "काकू, सहज आले," ती म्हणाली. सहज येणारी माणसं दारात उभी राहून फ्रिज, चूल आणि पायांतल्या चपला बघत नाहीत. बाईंनी तिला बसवलं, चहा दिला, आणि कप अर्धा झाल्यावर म्हणाल्या, "वार सांगू का महिना?" नर्स लाल झाली. चांगली मुलगी होती, खोटं बोलायचा सराव नव्हता. मुलाचा तिला फोन आला होता. गाडीचं दार उघडलं की त्याच्या फोनवर दिसतं, म्हणाली, किती वाजता उघडलं, किती वेळ उघडं होतं, आतलं तापमान, बॅटरी किती राहिली. बॅटरी रोज थोडी थोडी उतरतेय. "ती झोपलेली असते ना, काकू. दार उघडलं की तिला वाटतं कुठंतरी निघायचंय, मग सगळं चालू होतं. त्यातच जाते बॅटरी. म्हणून तो म्हणत होता, की आई रोज एकाच वेळी जाऊन बसते, कुठंतरी जायचंय असं वाटत असेल का तिला. या वयात काहींना वाटतं तसं. आमच्या वॉर्डात एक आजोबा रोज कपडे घालून स्टेशनवर निघायचे." "मग, गेले का?" बाईंनी विचारलं. "नाही, दाराला कुलूप असायचं." "तरीच," बाई म्हणाल्या. नर्सनं चहा संपवला. जाताना म्हणाली, "काकू, तुम्ही का बसता ते सांगून टाका ना त्याला सरळ. तुम्ही अगदी ठणठणीत आहात, मला दिसतंय." बाईंनी तिचा कप विसळला. काय सांगायचं सरळ? की वारा दाखवत होते? त्यावर तो सुनेकडे बघेल. की थंडी वाजते? मग खिडकीच्या फटीचा विषय निघेल, आणि ती बुजवायला सांगायला त्यांची जीभ उचलणार नव्हती; ज्याला गाडीचा श्वास दिसतो त्याला फट दिसायला हवी होती. की तू आठवतोस? त्यापेक्षा वेडी म्हणवून घेतलेलं परवडलं.

त्यांनी कार्ड साखरेच्या डब्यात टाकलं आणि लाँड्रीचं दार लावून घेतलं. झोपलेल्या पोराला हलवून हलवून उठवायचं आणि झोपलास का म्हणून विचारायचं, असलं काहीतरी आपण करत होतो, हे त्यांना पटलं होतं. चूक पटली की बाई ती पुन्हा करत नसत, फक्त कबूल करत नसत. गाडी झोपू दे. अर्ध्यावर. त्या शब्दानं मात्र पाठ सोडली नाही. भाजी चिरताना, दोरा ओवताना तो डोक्यात येऊन बसायचा. पूर्ण भरायची नाही, आतून खराब होते. रिकामी ठेवली तर मरते. पोरगं हुशार होतं लहानपणापासून, एकदा शिकलेलं सगळीकडे लावायचं. रविवारचा धावता फोन, वाढदिवसाला येणारी शाल, जायच्या दिवशीची ती घाईतली मिठी. मरू द्यायचं नाही एवढं त्यानं बरोबर मोजलेलं होतं. सगळी कला त्या अर्ध्यात होती.

आणि फोन थांबला. पहिला रविवार गेला तेव्हा बाईंना वाटलं, नातीला खोकला झाला असेल. दुसरा गेला तेव्हा त्यांनीच लावला. सुनेनं उचलला, मागे पाण्याचा आणि हसण्याचा आवाज. "अगंबाई, तुम्ही. सगळं ठीक ना?" ती म्हणाली. "ठीक," बाई म्हणाल्या. "हो, ते म्हणालेच, आता काही काळजी नाही म्हणून. गाडी अगदी शांत आहे." बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते, कारण तिनं घाईघाईनं हवेबद्दल विचारलं. बाईंनी हवा सांगितली. हवा गार होती, दुसरी कशी असणार. फोन ठेवून त्या उभ्या राहिल्या आणि त्यांना हसू आलं, ते हसू त्यांना स्वतःलाच बरं वाटलं नाही. म्हणजे असं होतं तर. गाडी शांत, तर आई ठीक. त्याला आईची खबर हवी असली तर तो फोनच्या पडद्यावर गाडीचा आकडा बघत होता. त्या भिंतीला टेकून पडल्या असत्या तरी आकडा हलला नसता.

पुढे पाच-सहा दिवस त्यांनी स्वतःला आवरलं. मग एका दुपारी साखर काढायला डबा उघडला आणि कार्ड हाताला लागलं. त्या लाँड्रीत गेल्या. आच्छादनाची एक बाजू उचलली, दार उघडलं, आत बसल्या नाहीत, नुसतं उघडं धरून उभ्या राहिल्या, दूध उतू जायची वाट बघावी तशा. स्वयंपाकघरात फोन वाजला. "आई," मुलगा म्हणाला, धावत आल्यासारखा, "कशी आहेस? आज वार कोणता गं?" "शनिवार," बाई म्हणाल्या. "महिन्यातला दुसरा. सकाळी भाकरी खाल्ली, दुपारी भात, आणि अंगात निळा स्वेटर आहे, सरळ घातलाय." "बरं, बरं, चिडू नकोस," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली ती ओल, जी 'आई' म्हणताना होती, ती बाईंच्या कानादेखत सुकली. "झालं तर मग. गाडीला हात लावू नकोस हं. नाहीतर आई, खरंच मला वसंताची वाट बघता येणार नाही, मला आत्ताच काहीतरी ठरवावं लागेल. ठेवतो." फोन बंद. बरोबर उत्तरांना एवढाच भाव होता. बाई आयुष्यभर बरोबर उत्तरं देत आल्या होत्या, गिऱ्हाइकाला, नवऱ्याला, सुनेला, ताडकन, समोरच्याच्या तोंडावर, आणि प्रत्येक वेळी समोरचा गप्प होऊन निघून गेला होता. त्याला त्या आजपर्यंत जिंकणं म्हणत होत्या.

नंतरचा बुधवार उजाडला तो बर्फाचा. रस्त्यावर मिठाची गाडी फिरून गेली. बाईंनी दुपारचं आवरलं, अंगावर शाल घेतली, फोन शालीच्या खाली धरला आणि लाँड्रीत गेल्या. या वेळी त्यांनी आच्छादन पूर्ण काढलं आणि घडी घातली, चार कोपरे जुळवून, कारण घडी वाकडी घालणं त्यांना मरतानाही जमलं नसतं. कार्ड लावलं. आसनावर बसल्या आणि दार ओढून घेतलं. पडदा उजळला. खालून ऊब आली. पायाखाली कुठंतरी इस्त्रीच्या टेबलाच्या कापलेल्या पायांच्या जागा असतील, फरशीच्या खाली. त्यांनी विचार करून ठेवला होता, असं म्हणता येणार नाही. एक गोष्ट मात्र ठरवली होती, की एकदा, एकदाच, त्याला सांगून बघायचं. सरळ नाही. सरळ त्यांना येत नव्हतं. त्याच्या लहानपणीच्याच शब्दांत. ओळखलं तर ओळखलं.

फोन वाजला. "आई," तो म्हणाला. "आई, आज वार कोणता?"

"चादरींचा," बाई म्हणाल्या.

बाईंनी डोळे मिटले. आत्ता हसेल. म्हणेल, बूट काढू का नको? एवढंच म्हणाला तरी त्या सांगणार होत्या, बुधवार, गाढवा, बुधवार, आणि मग खिडकीची फट, वारा दाखवणं, गुडघा, सगळं सांगून टाकणार होत्या, जिभेवर आलेलं होतं. समुद्राचा आवाज येत होता, की फोनमधलाच काहीतरी आवाज होता. मग त्यानं फोन तोंडापासून दूर धरला. पण पुरेसा नाही. "वाढलंय गं," तो हळूच सुनेला म्हणाला. "चादरी म्हणतेय."

तो फोनवर परत आला तेव्हा त्याचा आवाज निराळाच होता. एवढा मऊ आवाज बाईंनी त्याच्या तोंडून ऐकलाच नव्हता. त्यांनी तो स्वतः वापरला होता, त्याला ताप चढलेला असताना, कपाळावर पट्टी ठेवताना. "आज बुधवार आहे, आई," तो म्हणाला. "बुधवार. काही हरकत नाही, राहत नाही कधी कधी लक्षात. मी आहे ना. मी येतो, या आठवड्यातच येतो. तू घाबरू नकोस." बाईंना वाटलं, आता सांगावं. अजून वेळ होता. एक शब्द, ठसक्यात, आणि तो म्हणाला असता झालं तर मग. त्यांनी ओठ उघडले आणि मिटले. तो बोलतच होता. नातीनं वाळूत काय केलं ते सांगत होता. तिचा एक दात पडला, तो तिनं डबीत ठेवलाय, आजीला दाखवायला. त्यानं एक जागा पाहून ठेवलीय, खोलीच्या खिडकीतून झाडं दिसतात, तो दर रविवारी येईल, नाही, मधेही येईल. आई, तुला आठवतं का, तू मला पेरूच्या फोडी मीठ लावून द्यायचीस? त्या त्यांनी कधी दिल्या नव्हत्या. त्या शेजारची बाई द्यायची. "हो," त्या म्हणाल्या. "आठवतं." काचा आतून पांढऱ्या होत चालल्या होत्या. पडद्यावरचा आकडा एकानं खाली आला, मग आणखी एकानं. त्यांना आकडे तेवढे चांगले वाचता येत.

"आई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय. तू बोल."

तो बोलला. खूप वेळ बोलला, लग्न झाल्यापासून सगळं मिळून बोलला नसेल एवढा. मग त्याच मऊ आवाजात म्हणाला, "आणि हे बघ, आता हळूच उतर हं गाडीतून. दार नीट लाव. बॅटरी संपत आलीय."

"उतरते," बाई म्हणाल्या, आणि पाय पोटाशी घेतले.